कितीक दिसानं कापाचं?

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात मी पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बसले होते आणि बाबांचा फोन आला. बाबा स्वतःहून कधी फोन करत नाहीत. आई फोन लावते, सगळं बोलून घेते आणि शेवटी 'घे, बाबासंग बोल' म्हणून त्यांच्या हातात देते. मग बाबा 'जेवलीस का' एवढं विचारतात आणि फोन परत आईकडे जातो. त्यामुळे स्क्रीनवर त्यांचं नाव बघून पोटात गोळाच आला.

"एक विचाराचं होतं," बाबा म्हणाले. "हे तुह्यं गवत कितीक दिसानं कापाचं?"

मला हसू आलं. चाळीस वर्षं धानाची शेती केलेला माणूस मला गवताबद्दल विचारत होता! मी दोनच दिवसांपूर्वी यूट्यूबवर एक व्हिडिओ पाहिला होता. त्यातला गोरा माणूस हिरव्यागार हिरवळीवर उभा राहून 'आठवड्यातून एकदा' असं ठामपणे सांगत होता. मी तेच सांगितलं. "आठ दिवसांनी बाबा. दर रविवारी."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

आमचं घर नवेगाव बांधला आहे. गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका. हे नाव तुम्ही ऐकलं असेल तर ते मारुती चितमपल्लींमुळे, किंवा इथल्या जंगलामुळे आणि तलावामुळे. नवेगाव राष्ट्रीय उद्यान 1975 सालचं. 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. तलाव मात्र या सगळ्यापेक्षा फार जुना. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. भोवतीच्या सात टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, आणि कोलू पाटलांचा पुढे कोलासुर देव झाला. पाणी अडवणारा माणूस देव होतो, असा हा मुलूख. भंडारा-गोंदियात असे शेकडो माजी मालगुजारी तलाव आणि बोड्या आहेत. त्या पाण्यावर धान होतो आणि धानावर आम्ही.

बाबांच्या गुडघ्याची वाटी बदलली त्या वर्षी त्यांनी शेती बटईनं दिली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की चाला, खुर्चीवर बसा, पण उकिडवं बसायचं नाही. उकिडवं न बसता धानाची शेती होत नाही. बाबा दिवसभर ओसरीवर बसून राहायला लागले. घरासमोर सहाशे चौरस फुटांची मोकळी जागा होती. पूर्वी तिथे बैलं बांधायचो. बैलं विकली गेली, जागा तशीच पडून होती. मला वाटलं, तिथे छान लॉन करू. बाबा सकाळी अनवाणी चालतील, संध्याकाळी खुर्ची टाकून बसतील. पुण्यात आमच्या सोसायटीतले आजोबा बसतात तसे.

जूनमध्ये नागपूरहून गवताच्या चटया मागवल्या. नर्सरीवाले ज्याला मेक्सिकन म्हणतात, ते बारीक, मऊ, दाट गवत. टेम्पोतून गुंडाळ्या उतरत होत्या तेव्हा अर्धी गल्ली बघायला जमली होती.

"पैसे देऊन गवत आनलं?" बाबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, चेष्टाही नव्हती. त्यांना खरंच कळत नव्हतं.

त्यांचं न कळणं समजून घ्यायला मला दीड वर्ष लागलं. धान हेसुद्धा गवतच आहे. बाबांनी आयुष्यभर एक गवत लावलं आणि बाकीची सगळी गवतं उपटली. रोवणी झाली की तीन आठवड्यांनी पहिलं निंदण, सहा आठवड्यांनी दुसरं. बांधीत सावा उगवतो तो कोवळेपणी हुबेहूब धानासारखा दिसतो. नवख्याला कळत नाही. आईला चिखलात उभ्या उभ्या कळतो. तिच्या हाताला तो वेगळा लागतो म्हणे. दिवाळीच्या सुमाराला कापणी, मग कडपा वाळवायच्या, पुंजणं रचायचं. पाऊस आला तर रात्री उठून ताडपत्री टाकायची. या माणसांच्या दारात मी विकतचं गवत अंथरलं. त्याला धान लागणार नव्हता, ते ढोरांना घालायचं नव्हतं, आणि तरीही ते कापत राहायचं होतं.

पोळ्याला मी घरी गेले. फाटकातून आत शिरले आणि थबकलेच. हिरवळ नव्हतीच. जमिनीला घासून कापलेलं, पिवळं पडलेलं, मध्ये मध्ये माती दिसणारं काहीतरी होतं. कुणी न्हाव्याकडून डोकं खरडून घ्यावं तसं.

आत भिंतीवर कालनिर्णय होतं. त्यावर दर रविवारी निळ्या पेनानं एक गोल. आषाढातले गोल, श्रावणातले गोल. एकही रविवार चुकला नव्हता.

"कशानं कापलं?" मी आईला विचारलं.

"कशानं म्हंजे? इऱ्यानं." आमच्या झाडीबोलीत 'ळ' नाही, त्याचा 'र' होतो. इरा म्हणजे विळा. "दर ऐतवारी सकारी सहाले बसतेत ते दहा वाजेलोक. मी म्हनलं राहू द्या, तर म्हनतेत पोरीनं सांगितलं आहे."

विळ्यानं कापायचं म्हणजे उकिडवं बसायचं. बाबा ओसरीवर बसले होते. धोतर गुडघ्यापर्यंत वर होतं आणि ऑपरेशन झालेला गुडघा दुसऱ्याच्या दीडपट दिसत होता.

त्या दिवशी मी घरात खूप बोलले. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, पैसे किती गेले, असं सगळं. बाबा ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "दोन ऐतवारी कापाले काहीच नव्हतं. तरी कापलो. मले वाटलं, तुले मालूम असन."

हे वाक्य मला आजही आठवतं. बाबांनी शेतात कधी तारीख बघून काम केलेलं नाही. निंदण तीन आठवड्यांनी, हे मी सांगते. ते असं सांगत नाहीत. ते धुऱ्यावर उभे राहतात, बांधीकडे बघतात आणि म्हणतात, उद्या बाया सांगा. पाणी सोडायचं की अडवायचं हे पायाच्या बोटांनी ठरवतात. पण हे गवत माझं होतं, शहरातून आलेलं. त्याचे नियम शहरातले असतील आणि ते मुलीला माहीत असतील, असं धरून त्यांनी स्वतःचे डोळे बाजूला ठेवले आणि कॅलेंडर घेतलं. मी त्यांना आरामाची जागा करून द्यायला निघाले होते. प्रत्यक्षात त्यांच्याच अंगणात त्यांना माझ्या हुकमाचा गडी करून ठेवलं होतं. आणि मला तर काहीच माहीत नव्हतं. मी एक व्हिडिओ पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी आईनं वेगळीच तक्रार काढली. पोळ्यानंतर चार दिवसांनी गणपती. या लॉनमध्ये कडेकडेनं हरळी घुसली होती, म्हणजेच दुर्वा. दारातच दुर्वा मिळतील म्हणून आई खूश होती, तर बाबांनी रविवारी सगळं खरडून टाकलं. "आता गनपतीले दुर्वा कोठून आनू? धुऱ्यावर जाऊ का एवढ्या चिखलात?"

मग मी नीट शोधायला बसले. या वेळी व्हिडिओ नाही. कृषी खात्यात नोकरी केलेल्या एका मैत्रिणीशी बोलले, वाचलं, आणि पुढचं वर्षभर आमच्याच अंगणात बघत राहिले. जे कळलं ते सांगते, कारण तुमच्यापैकी कुणीतरी गावी आईबाबांच्या दारात लॉन लावायच्या विचारात असणारच.

पहिली गोष्ट म्हणजे, 'किती दिवसांनी' हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रश्न 'किती उंचीला' असा आहे. गवताचा वाढीचा भाग शेंड्याला नसतो, बुडाशी असतो. म्हणून चितळानं खाल्लं, गव्यानं खाल्लं, विळ्यानं कापलं, तरी ते खालून पुन्हा वर येतं. आमच्या जंगलातलं गवत हजारो वर्षं असंच खाल्लं जात वाढलं आहे. पण त्याचं अन्न पातीत तयार होतं. सगळी पातच कापली तर मुळांमधला साठा मोडून नवी पात काढावी लागते. असं दर आठवड्याला केलं की साठा संपतो, मुळं आखूड होतात आणि गवत पिवळं पडतं. म्हणून जगभर एकच साधा नियम सांगतात, एका वेळी एकतृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. गवत पाच सेंटिमीटर ठेवायचं असेल तर ते साडेसात झालं की कापा. साडेसातातून अडीच गेले, पाच उरले.

दुसरी गोष्ट यातूनच निघते. जितकं खाली कापाल तितक्या फेऱ्या वाढतात. गवत दोन सेंटिमीटरवर ठेवायचा हट्ट धरला तर ते तीन होताच कापावं लागतं, म्हणजे पावसाळ्यात तीन-चार दिवसांनी. पाचवर ठेवलं तर आमच्याकडे श्रावणात आठ-दहा दिवस मिळतात. हे वाचलं तेव्हा मी मनात बाबांच्या गुडघ्याचा हिशेब करत होते. नुसती उंची वाढवली तरी निम्म्या फेऱ्या वाचत होत्या.

तिसरी गोष्ट, वर्षातले सगळे महिने सारखे नसतात. हरळी किंवा हे मेक्सिकन, ही उन्हाळी गवतं. उष्णता आणि पाणी दोन्ही मिळालं की सुसाट वाढतात. आषाढ ते भाद्रपद आठ-दहा दिवसांनी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला दोन आठवड्यांनी. मार्गशीर्ष-पौषात आमच्याकडे रात्री कडाक्याची थंडी पडते, तेव्हा महिनाभर हात लावला नाही तरी चालतं. उन्हाळ्यात तर सगळं पाण्यावर अवलंबून. आणि ओलं असताना कापायचं नाही, गवताचे गोळे होतात आणि पात फाटते. धार बोथट असेल तरी तेच. फाटलेल्या पातीचं टोक पांढरट होऊन सुकतं. कापलेले बारीक तुकडे तिथेच राहू दिले तर कुजून खत होतं. गठ्ठे पडले तर मात्र उचलावेत, नाहीतर खालचं गवत गुदमरतं.

उन्हाळ्याच्या पाण्यावरून आमच्या घरात खरी चर्चा झाली. लॉन हिरवं ठेवायला आठवड्याला साधारण एक इंच, म्हणजे पंचवीस मिलिमीटर पाणी लागतं असं सांगतात. आमची सहाशे फुटं म्हणजे सुमारे छप्पन्न चौरस मीटर. गुणाकार केला तर आठवड्याला चौदाशे लिटर. मी हा आकडा बाबांना वाचून दाखवला. त्यांनी विहिरीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. एप्रिलमध्ये आमच्या विहिरीचा दोर किती खाली जातो हे मला माहीत आहे. ज्या गावात पाणी अडवणाऱ्याला देव केलं, त्या गावात शोभेच्या गवताला चौदाशे लिटर घालायची हिंमत मला झाली नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही पाणी दिलं नाही. मेक्सिकनचे बरेचसे पट्टे जळून गेले. हरळी नुसती तपकिरी झाली, मेल्यासारखी पडून राहिली. जूनमधल्या पहिल्या दोन पावसांनंतर आठवडाभरात गाठीगाठींतून फुटली आणि रिकाम्या जागांवर पसरली. गंमत म्हणजे पहिल्या वर्षी बाबा तीच हरळी लॉनमधून उपटून काढत होते. आयुष्यभर तण म्हणून उपटलेली आणि मी आणलेल्या गवतात घुसलेली, म्हणजे वैरीणच. आता अंगणात तीच उरली आहे, आणि तिला एक रुपया लागला नव्हता.

हे सगळं वाचताना घरापुढच्या हिरवळीची गोष्टही सापडली. इंग्लंडात पूर्वी अशा हिरवळी फक्त बड्या लोकांकडे असायच्या, कारण त्या राखायला मेंढरं लागायची किंवा लांब दांड्याचे कोयते चालवणारी माणसं. 1830 मध्ये स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंग नावाच्या माणसानं गवत कापायचं यंत्र काढलं. कापडगिरणीत लोकरी कापडावरची लव छाटायचं यंत्र होतं, त्यावरून त्याला हे सुचलं. मग हळूहळू मध्यमवर्गाच्या दारातही हिरवळ आली. साहेबानं ती इकडे बंगल्यांपुढे आणली. ज्याला दारापुढच्या जमिनीतून काही पिकवायची गरज नाही, त्याची ही खूण होती. आता तिकडेच उलटं चाललंय. ब्रिटनमधली प्लांटलाइफ ही संस्था 2019 पासून लोकांना सांगतेय की मे महिन्यात गवत कापूच नका, फुलं येऊ द्या, मधमाश्यांना खाऊ द्या.

मी हे उत्साहानं आईला सांगितलं. म्हटलं, आपणही कापूच नको.

"आन् परड आली मंग?" आई म्हणाली.

परड म्हणजे घोणस. आदल्याच पावसाळ्यात शेजारच्या तणसाच्या ढिगाखाली निघाली होती. आमच्याकडे घरापुढचं अंगण पूर्वापार उघडं, सारवलेलं, सडा टाकलेलं असतं. त्याचं एक कारण हेच की रात्री कंदील घेऊन बाहेर आलं तर काय सरपटतंय ते दिसलं पाहिजे. इंग्लंडातल्या मधमाश्यांचा सल्ला आमच्या ओसरीपर्यंत आणता येत नाही. यूट्यूबवरचा रविवार आणला होता, तसाच हाही प्रकार झाला असता.

शेवटी जे ठरलं ते तिघांनी ओसरीवर बसून ठरवलं. मी कागदावर चौकोन काढला, बाबांनी त्यावर बोटानं रेघ मारली. घराला लागून दहा फुटांचा पट्टा आणि फाटकापर्यंतची वाट आखूड ठेवायची, पाच सेंटिमीटर. बाबांच्या भाषेत तीन बोटं, कारण पट्टी कुणी घेऊन बसत नाही. चार बोटांवर गेलं की कापायचं, मग ते आठ दिवसांनी होवो की वीस. कुंपणाकडचा उरलेला तुकडा वाढू द्यायचा. तो वर्षातून दोनदाच कापायचा, एकदा पावसाळ्याच्या मध्यावर आणि एकदा दिवाळीनंतर मंडईच्या आधी, कारण मंडईला पाहुणे येतात, रात्री नाटकाला जातात, अंधारात कुंपणाकडे कुणाचाही पाय पडू शकतो. कापलेलं गवत शेजारच्या काकू बकऱ्यांसाठी नेतात. आणि आईची अट अशी की गणपतीच्या आधी पंधरा दिवस हरळीच्या कोपऱ्याला कुणी हात लावायचा नाही.

राहिला गुडघा. हातानं ढकलायचं रोलरवालं मशीन आणलं. पेट्रोल नाही, वीज नाही, उभ्यानं चालवायचं. बाबांनी आठ दिवस त्याला हात लावला नाही. मी पुण्याला परत आले. मग आईनं व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. बाबा खुर्चीवर बसलेले, मशीन उलटं करून मांडीवर घेतलेलं, हातात कानस. खाली आईचा व्हॉइस मेसेज होता, "म्हनतेत, दुकानदारानं धारच नाही केली."

गेल्या श्रावणात मी घरी होते. सकाळी नऊच्या सुमाराला दव वाळल्यावर बाबा बाहेर आले. पट्ट्याच्या कडेला उभे राहिले, वाकले नाहीत, नुसतं बघितलं. मग चप्पल काढून अनवाणी पायानं गवत दाबून पाहिलं. मला वाटलं आता मशीन काढतील. ते परत ओसरीवर येऊन बसले.

"का झालं?" मी विचारलं.

"आजून दोन दिस."

भिंतीवरच्या कालनिर्णयावर आता गोल नसतात. त्यावर दुधाचा हिशेब आहे आणि माझ्या सुट्ट्यांच्या तारखा. फोन अजूनही आईच लावते. पण पावसाळ्यात कधीमधी शेवटी बाबांच्या हातात गेला की 'जेवलीस का'च्या नंतर ते एखादं वाक्य जास्त बोलतात. परवा म्हणाले, "काल कापलो. आता तू येशीन तेव्हा पुन्हा आलं असन." मी तारीख सांगितली. थोडा वेळ गप्प होते, बहुधा अंगणाकडे बघत असावेत.

"नाही," म्हणाले. "त्याच्या आधीच एकदा लागन."